किकच्या वेळची विचित्र रचना कशी वाचावी

बडोद्यातील अनेक मराठी घरांतली मुले, भाचे-पुतणे अमेरिकेतील विद्यापीठांत शिकायला गेले आणि त्यांच्यामुळे तिकडचा कॉलेज फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल, आपल्याही दिवाणखान्यात आला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या शनिवारी दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला लागतो, त्यामुळे तो जागरण न करताही पाहता येतो. धावणे, पास आणि टचडाउन थोड्या सरावाने कळू लागतात. परंतु किकची वेळ आली की आठ खेळाडू अचानक मैदानाच्या एका बाजूला जाऊन उभे राहतात, चेंडूपाशी तिघेच उरतात, आणि हे काय चालले आहे हे कोणी सांगायच्या आत खेळ पुढे सरकलेला असतो. अशी रचना पाहताक्षणी कशी उलगडावी, हे येथे क्रमाने मांडले आहे.

आधी नियम समजून घ्यावेत, कारण प्रत्येक विचित्र रचना नियमपुस्तकातील एखाद्या कलमाच्या आधारावर उभी असते. ज्या शहरातील हिंद विजय जिमखान्याने १९२४ साली खो-खोचे नियम प्रसिद्ध केले, त्या शहरातील वाचकांना हा मार्ग परका वाटू नये. चेंडू ज्या आडव्या रेषेवर ठेवलेला असतो तिच्या मागे चेंडू असलेल्या संघाच्या अकरांपैकी चारांहून अधिक खेळाडू उभे राहू शकत नाहीत, म्हणून रेषेवर एरवी सात जण असतात. पुढे टाकलेला पास झेलण्याचा हक्क रेषेच्या दोन टोकांवरील दोघांना आणि मागच्यांना असतो, मात्र त्यांचा क्रमांक ५० ते ७९ यांमधला नसावा. नेहमीच्या खेळात रेषेवरील पाच जणांना याच क्रमांकांचे सदरे घालावे लागतात, त्यामुळे कोण झेलू शकत नाही हे पाठीवरूनच कळते. किकच्या रचनेत ही सक्ती सैल होते. एक खेळाडू किमान ७ यार्ड मागे हवा, किंवा जागेवर ठेवून मारायच्या किकसाठी होल्डर (चेंडू धरणारा) आणि किकर किमान ५ यार्ड मागे हवेत, आणि किक होऊ शकते हे उघड दिसायला हवे. एवढ्या अटी पाळल्या की रेषेवर अवजड गड्यांच्या जागी चपळ धावपटू उभे करता येतात. म्हणून अशा वेळी केवळ क्रमांकांवर विसंबू नये, रेषेची दोन टोके कुठे आहेत ते शोधावे.

पंटची, म्हणजे चेंडू हातातून सोडून लांब मारायच्या किकची, रचना समजून घेण्यासाठी बुद्धिबळाचा संच घ्यावा. मध्ये एक प्यादे ठेवावे. तो स्नॅप करणारा, म्हणजे पायांमधून चेंडू मागे देणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस अंतर सोडून दोन-दोन प्यादी आणि दोन्ही टोकांना हत्ती मांडावेत. हे रेषेवरचे सात झाले. उरलेली तीन प्यादी सुमारे ७ यार्ड मागे खांद्याला खांदा लावून उभी करावीत आणि त्यांच्याही मागे, रेषेपासून चौदा-पंधरा यार्डांवर, राजा ठेवावा, तो पंटर. ही ढालीची रचना कॉलेज फुटबॉलमध्ये सर्रास दिसते आणि व्यावसायिक एनएफएलमध्ये दिसत नाही. एनएफएलमध्ये पंट पायावरून सुटेपर्यंत केवळ टोकाच्या दोघांनाच पुढे धावण्याची मुभा असते, तर कॉलेजच्या नियमांत स्नॅप होताच सगळेच धावू शकतात. त्यामुळे रेषेवरचे सहा जण समोरच्याला जेमतेम अडवून चेंडूच्या मागे निघतात, आणि पंटरच्या रक्षणाचा भार मागच्या तीन दणकट गड्यांवर येतो. मैदानाच्या पूर्ण रुंदीवर धावणारे सहा जण पोहोचत असताना चेंडू परत आणणाऱ्याला वाट सापडणे कठीण होते. मात्र रेषा विरळ असल्याने प्रतिस्पर्धी वेगाने आत घुसतात, म्हणून पंटरने ढालीच्या बरोबर मागूनच किक मारायला हवी. तो दोन पावले बाजूला सरकला तरी चेंडू अडवला जाण्याचा धोका वाढतो.

याच्या उलट काही पंटर मुद्दाम बाजूला पळतात. ही रग्बी धाटणीची पंट ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल खेळलेल्या पंटरांमुळे विशेष रुजली, आणि यूटा विद्यापीठाचा ऑस्ट्रेलियन पंटर टॉम हॅकेट याने सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार २०१४ आणि २०१५ असा लागोपाठ दोनदा मिळवला. पळणारा पंटर शेवटच्या क्षणापर्यंत दोन पर्याय हाती ठेवतो: प्रतिस्पर्धी अंगावर आले तर किक मारायची, ते मागे सरले तर स्वतःच धावत सुटायचे. किंमतही मोजावी लागते, कारण स्नॅप करणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच यार्डांची जी चौकट मानली जाते, तिच्या बाहेर चेंडू घेऊन गेलेल्या पंटरला धडकेपासून मिळणारे विशेष संरक्षण उरत नाही.

आता सुरुवातीला सांगितलेल्या आठ आणि तिघांच्या रचनेकडे वळू. तिला स्विंगिंग गेट म्हणतात आणि माझ्या मते अभ्यासाला याहून समृद्ध रचना दुसरी नाही. टचडाउननंतर ३ यार्डांवरून किक मारली तर १ गुण, धावून किंवा पासने चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेला तर २ गुण मिळतात. कॉलेज फुटबॉलमध्ये हा पर्याय १९५८ सालापासून आहे. ही रचना दिसताच बाजूच्या आठांच्या घोळक्यासमोर बचावाचे किती जण आले आहेत ते मोजावे, दुसरे काही पाहू नये. आठांपैकी एक चेंडू घेऊन धावणार, म्हणजे अडवायला सात उरतात. समोर सातच आले असतील तर प्रत्येकाला एकेक गडी अडवतो आणि धावणारा मोकळा राहतो. तेव्हा चेंडू तिकडे तिरपा स्नॅप करावा. समोर आठ आले तर एक बचावपटू सुटा राहतो, म्हणून संघ गुमान नेहमीच्या रचनेत परततो, पूर्ण एक सेकंद स्थिर राहतो आणि किक मारतो. नऊ आले तर मध्यभागी तिघांसमोर दोघेच राहतात, आणि तेथे आणखी एक खुबी दडलेली असते: बाकीचे सगळे एकाच बाजूला गेल्यामुळे स्नॅप करणारा स्वतःच रेषेचे टोक बनतो, आणि त्याचा क्रमांक योग्य असेल तर त्यालाही पास झेलता येतो. किक जवळजवळ हमखास यशस्वी होते असे धरले, तर २ गुणांचा प्रयत्न निम्म्याहून अधिक वेळा साधल्यासच फायद्याचा. गणित पक्के जमले तरच पुढे जायचे, नाहीतर १ गुण घ्यायचा, हीच या रचनेची शिस्त आहे.

चिप केली प्रशिक्षक असताना ओरेगॉन विद्यापीठाच्या संघाने स्विंगिंग गेटचा मनापासून वापर केला. ३ जानेवारी २०१३ च्या फिएस्टा बोलमध्ये कॅन्सस स्टेटविरुद्ध पहिल्याच किकवर डी'अँथनी थॉमस ९४ यार्ड धावला आणि ओरेगॉनने लगेच २ गुण साधून ८-० अशी आघाडी घेतली. याचा लाभ केवळ गुणफलकावर दिसत नाही. हंगामात कॉलेजच्या खेळाडूंना आठवड्याला २० तासांहून अधिक सक्तीचा सराव देता येत नाही. त्यातला काही वेळ प्रतिस्पर्ध्याला या एका रचनेसाठी खर्चावा लागला, तर ती सामन्यात एकदाही यशस्वी न होता आपले काम करून जाते.

रचना प्रसंगाला शोभणारी मात्र हवी. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी मिशिगन संघ मिशिगन स्टेटविरुद्ध २३-२१ असा पुढे होता, १० सेकंद उरले होते, आणि प्रतिस्पर्ध्याला पंट अडवण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा वेळी धावणाऱ्यांना टोकांना पसरवण्यात अर्थ नसतो, सगळ्यांना आत आवळून पंटरभोवती भिंत उभी करायला हवी. स्नॅप पंटरच्या हातून निसटला, जॅलेन वॉट्स-जॅक्सनने चेंडू ३८ यार्ड नेला आणि मिशिगन स्टेटने सामना २७-२३ असा जिंकला.

ऑनसाइड किकसाठी, म्हणजे मारणाऱ्या संघानेच चेंडू परत मिळवायच्या छोट्या किकसाठी, याच मोजणीची दिशा बदलावी आणि झेलणाऱ्या संघाकडे पाहावे. किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, मारणाऱ्या संघाच्या ३५ यार्डांच्या रेषेवरून होते, आणि चेंडू १० यार्ड गेला की मारणारा संघही तो ताब्यात घेऊ शकतो. ११ जानेवारी २०१६ रोजी क्लेम्सनविरुद्धच्या अजिंक्यपद सामन्यात २४-२४ अशी बरोबरी असताना क्लेम्सनचे पुढचे गडी एका बाजूला आक्रसलेले होते, ही गोष्ट अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी हेरली होती. अॅडम ग्रिफिथने रिकाम्या बाजूला चेंडू अलगद उचलून मारला, मार्लन हम्फ्रीने तो धावत झेलला, आणि अलाबामाने सामना ४५-४० असा जिंकला. म्हणून प्रत्येक किकऑफआधी पुढच्या फळीच्या दोन्ही कडांना किती मोकळी जागा आहे ते पाहावे. एखादी कड कोणी सांभाळत नसेल, तर किकर धावू लागताच नजर तिकडे वळवावी.