परप्रांतीय पीडितेसाठी दुभाषी म्हणून बसताना

भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीतली किंवा पुण्याच्या बांधकामावरची बिहारी स्त्री मारहाणीची तक्रार घेऊन येते, तेव्हा पहिली अडचण ही असते की आपल्याला हिंदी येते, असे प्रत्येक मराठी माणसाला वाटते. भोजपुरीत ‘हमार मरद’ म्हणजे ‘माझा नवरा’. घाईत त्याचे ‘एका पुरुषाने’ असे झाले, तर कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार भलत्याच वाटेला लागते. ‘गलत काम किया’ हे त्याहून नाजूक, कारण त्यात विनयभंगापासून बलात्कारापर्यंत काहीही असू शकते. अर्थ स्वतः ठरवू नये. शब्द संदिग्ध आहे असे अधिकाऱ्याला सांगून, नेमके काय घडले ते तिलाच विचारू द्यावे.

नवरा, सासरचे लोक, मुकादम आणि मुले यांच्यापैकी कोणालाही दुभाषी करू नये. तिच्याच गावची बाई सोयीची वाटते खरी, पण बातमी सासरी पोहोचायला तीच वाट पुरते, म्हणून आधी तिला एकटीला विचारावे. संबोधनही जपावे: आपला आदराचा ‘बाई’ हिंदी कानाला मोलकरणीसारखा लागतो, तेव्हा ‘दीदी’ म्हणावे. नवऱ्याचे नाव घ्यायला ती कचरली, तर ते कागदपत्रांवरून घ्यावे. उखाण्याची सोय तिच्याकडे नसते.

ती ‘मला मारले’ म्हणाली, तर आपणही ‘मला मारले’ असेच सांगावे, ‘हिला मारले म्हणते’ असे नव्हे. रडणे, थांबणे, वाक्य अर्धे सोडणे, हे सावरून गुळगुळीत करू नये.

रेशनकार्ड गावचे आहे म्हणून कोणी परत पाठवत असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज चालतो, हे शांतपणे सांगावे. दखलपात्र गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने तो नोंदवता येतो. निवारा, उपचार, वकील यांसाठी सखी वन स्टॉप सेंटरला विचारावे.

मराठीत लिहिलेला जबाब अंगठा किंवा सही घेण्याआधी तिच्या भाषेत ओळीओळीने वाचून दाखवावा, आणि एफआयआरची मोफत प्रत मागून घ्यावी. ती प्रत घरी न्यावी की नाही, हे मात्र तिने ठरवावे. महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये साठवण्याआधी, तो फोन घरात कोण कोण उघडते ते विचारावे. तीन आकडे तोंडपाठ करायला वेळ लागत नाही.