परदेशी कंपनी विकत घेऊन शिकायचे आहे? या चुका टाळा

परदेशी कंपनीचे समभाग घेतले म्हणजे तिचे तंत्रज्ञानही हाती आले, असे गृहीत धरणे ही सर्वांत महागडी चूक आहे. पुण्याच्या सुझलॉनने 2007 मध्ये फ्रान्सच्या अरेव्हाशी चढाओढ करून आरईपॉवर ही पवनचक्क्या बनवणारी जर्मन कंपनी ताब्यात घेतली. परंतु जर्मन कायदा छोट्या भागधारकांच्या हिताचे कसोशीने रक्षण करतो, त्यामुळे ते भागधारक शिल्लक असेपर्यंत तिचे तंत्रज्ञान किंवा रोकड सुझलॉनला मनाप्रमाणे वापरता येत नव्हती. संपूर्ण मालकी मिळायला 2011 उजाडले, कर्जाचा भार वाढतच राहिला आणि 2015 मध्ये, सेन्व्हिऑन असे नाव झालेली ही कंपनी विकावी लागली. आराखडे, पेटंट आणि चाचण्यांच्या नोंदी कोणाला, केव्हा व कोणत्या मोबदल्यात वापरता येतील, याचा खुलासा किंमत ठरण्यापूर्वीच त्या देशाचा कंपनी कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून करून घ्यावा.

व्यवहाराला दोन-तीन वर्षे लोटूनही इकडच्या उत्पादनात काहीच फरक दिसत नसेल, तर आधी स्वतःच्या कंपनीकडे पाहावे. तिकडे केवळ हिशेब तपासणारे अधिकारी जात असतील, तर परत हिशेबच येणार. डिझाइन करणारे अभियंते आणि कारखान्यातील पर्यवेक्षक तिथल्या लोकांच्या शेजारी बसून काम करू लागले, तरच कागदावर न उतरलेले ज्ञान हाती येते. शिवाय त्याला वेळ लागतो, आणि माझ्या मते संचालक मंडळे नेमकी इथेच अधीर होतात. टाटा मोटर्सने 2004 मध्ये दक्षिण कोरियातील देवूचा ट्रक व्यवसाय घेतला आणि प्राइमा ट्रक 2009 मध्ये सादर केला. जग्वार लँड रोव्हर 2008 मध्ये 2.3 अब्ज डॉलरना घेतल्यानंतर लँड रोव्हरच्या डी-8 प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावरून, विकसित केलेली टाटांची हॅरियर ही मोटार विक्रीस यायला तर 2019 साल लागले.

मावळते तंत्रज्ञान विकत घेण्याची चूकही होते. चीनच्या टीसीएलने 2004 मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा टीव्ही व्यवसाय आपल्याकडे घेतला, तेव्हा युरोपातील ग्राहक पिक्चर ट्यूब सोडून सपाट पडद्यांकडे वळू लागले होते. 2006 मध्ये टीसीएलला युरोपातील बहुतेक कामकाज गुंडाळावे लागले. बोली लावण्याआधी आपल्याच अभियंत्यांकडून, आपल्याला नेमके काय येत नाही आणि त्यातले काय पुढील दहा वर्षे उपयोगी पडेल, याची लेखी यादी मागवावी.