टर्बो गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवताय? या चुका टाळा

टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) नसलेल्या गाडीत इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी वाट, बदलणं हे फिल्टर आणि पाइप बदलण्यापलीकडे फारसं जात नाही. टर्बो गाडीत मात्र फिल्टरपासून टर्बोच्या तोंडापर्यंतच्या त्या पाइपवर बरंच काही अवलंबून असतं. हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर, म्हणजे मॅफ, त्याच्यावर बसलेला असतो. क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागाचा) ब्रीदर, म्हणजे आतले वायू बाहेर सोडणारी नळी, त्याच्यातच उघडतो, डायव्हर्टर व्हॉल्व्हची (पाय उचलल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) हवाही बऱ्याच गाड्यांत तिथेच परत येते आणि बूस्ट (टर्बोने निर्माण केलेला जादा दाब) ठरवणाऱ्या सोलेनॉइडची बारीक नळीही अनेकदा तिथेच जोडलेली असते. त्यामुळे किट बसवल्यावर आयडलिंग वरखाली होणं, चेक इंजिनचा दिवा लागणं किंवा पिकअप कमी होणं यांचं मूळ नव्या फिल्टरमध्ये क्वचितच सापडतं. ते या जोडण्यांमध्ये असतं.

टर्बोचं तोंड उघडं ठेवणं

जुना पाइप निघाला की कॉम्प्रेसर व्हील, म्हणजे टर्बोचं हवा ओढणारं चाक, थेट समोर येतं. हे व्हील जोरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतं. त्यात एखादा वॉशर किंवा क्लॅम्पचा स्क्रू ओढला गेला, तर पाती वाकतात, तुटतात आणि तुकडे इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरपर्यंत) जातात. पाइप निघताक्षणी तोंडावर बाहेरून रुंद मास्किंग टेप लावा. फडक्याचा बोळा आत कोंबण्याची सवय धोक्याची आहे, कारण नवा कपलर (पाइप जोडणारी सिलिकॉनची नळी) वर चढला की तो बोळा दिसत नाही. फडकंच वापरायचं असेल तर मोठं घ्या आणि त्याचं अर्धं अंग बाहेर लोंबतं ठेवा.

नवा पाइप थेट डब्यातून काढून लावू नका. आत वेल्डिंगचे मणी, कापलेल्या ॲल्युमिनिअमचा कीस किंवा पॅकिंगचे दाणे असू शकतात. साबणाच्या पाण्याने धुवा, ओलं फडकं आरपार ओढा आणि पूर्ण वाळू द्या. फिल्टर या सगळ्याच्या अलीकडे असतो, त्यामुळे पाइपमधला कचरा अडवायला पुढे काहीही नाही.

तोंड उघडं आहे तोवर इंजिन थंड असताना टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलणं चालतं. पाती घराला (बाहेरच्या कवचाला) घासत असतील किंवा शाफ्ट पुढे-मागे सरकल्यासारखा जाणवत असेल, तर इनटेक बाजूला ठेवा, आधी टर्बो बघावा लागेल. पाइपच्या आत तेलाचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका, तो ब्रीदरमधून येतो. थारोळं साचलेलं असेल तर मात्र कारण शोधा.

मॅफ सेन्सरच्या जागेकडे दुर्लक्ष

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मॅफ सेन्सर पाइपमधली सगळी हवा मोजत नाही. तो पाइपच्या एका बिंदूवरचा प्रवाह मोजतो आणि मूळ पाइपचा व्यास गृहीत धरून ईसीयू (इंजिनाचा संगणक) एकूण हवेचा हिशेब करतो. मूळ मॅफ घराचा (सेन्सर बसतो त्या नळकांड्याचा) आतला व्यास ७० मिमी असेल आणि नव्या पाइपचा ७६ मिमी, तर क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा आता हळू वाहते, सेन्सर ती कमी दाखवतो आणि पेट्रोल कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू हळूहळू भरपाई करतो, पण फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) +१८ च्या आसपास जाऊन बसतो आणि पी ०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी) हा कोड येतो. खरा धोका पूर्ण जोरात असतो. ज्या गाड्या तिथे फक्त ईसीयूतल्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतात, त्यांत बूस्टखाली मिश्रण लीन होऊन नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ शकतं. म्हणून किट घेण्याआधी व्हर्नियरने मूळ मॅफ घराचा आतला व्यास मोजा. नव्या पाइपचा मोजतानाही आतलाच घ्या, जाहिरातीत बहुधा बाहेरचा लिहिलेला असतो. व्यास वेगळा असेल आणि ट्यून करून (ईसीयूतले आकडे बदलून) घ्यायचं नसेल, तर ते किट तुमच्या गाडीसाठी नाही.

व्यास जुळला तरी काम संपत नाही. मूळ एअर बॉक्समध्ये सेन्सरच्या अलीकडे अनेकदा हवा सरळ करणारी जाळी असते, नव्या पाइपात ती नसते. सेन्सर वळणाच्या लगेच नंतर आला तर प्रवाह एका कडेला झुकतो आणि आकडे नाचू लागतात. सेन्सरच्या अलीकडे साधारण १५ सेंटिमीटर तरी सरळ पाइप असावा. सेन्सरवरचा बाण हवा जाते त्या दिशेला, म्हणजे टर्बोकडे असला पाहिजे. जुनी ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला. तिच्या बाजूने शिरणारी हवा सेन्सरला दिसतच नाही. सेन्सरचे स्क्रू बारीक असतात आणि प्लॅस्टिकमध्ये बसतात, जोर लावला की आटे गेलेच.

काही गाड्यांत मॅफ नसतोच. त्या मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब आणि तापमान बघून हवेचा अंदाज घेतात. तिथे व्यासाचं हे गणित लागू होत नाही आणि इनटेक बदलणं बरंच सोपं जातं. पण आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे किट मागवण्याआधी बघा, नंतर नाही. डिझेल गाड्यांत मॅफ बहुधा असतो आणि त्याचं रीडिंग ईजीआर (सायलेन्सरकडचे काही वायू परत इंजिनात नेणारी यंत्रणा) व धुराची मर्यादा ठरवायला वापरतात. तिथे तो कमी दाखवू लागला की इंजिन लीन होत नाही, उलट ईसीयू डिझेल आखडतं घेतो आणि गाडी मवाळ वाटते.

हवेच्या तापमानाचा सेन्सर वेगळा असेल तर तो नव्या पाइपमध्ये बसवावाच लागतो. इंजिनाच्या कोपऱ्यात लोंबता ठेवला तर तो बोनेटखालची गरमी मोजतो आणि ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. त्याचा प्लग नीट बसला नसेल तर स्कॅनरवर −४० अंश दिसतं आणि पी ०११३ हा कोड येतो.

बारीक नळ्या

काढण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक नळीला टेपचा तुकडा लावून नंबर घाला. ब्रीदरची नळी नव्या पाइपवर बसत नाही म्हणून तिला बूच मारणं ही चूक फार वाईट. बूस्टखाली पिस्टनच्या बाजूने निसटलेले वायू क्रँककेसमधून याच वाटेने बाहेर पडतात. वाट बंद झाली की आतला दाब वाढतो, सील गळू लागतात. टर्बोतलं तेल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं, त्याला समोरून दाब मिळाला की तेही तुंबतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. लोकांना वाटतं टर्बो गेला. ब्रीदरच्या टोकाला छोटा फिल्टर लावून तो हवेत सोडण्याचा जुगाडही बऱ्याच गाड्यांत आयडलिंग बिघडवतो, शिवाय तेलकट वाफा बोनेटखाली आणि केबिनमध्ये येतात.

डायव्हर्टर व्हॉल्व्हची परतीची नळी मॅफ आणि टर्बो यांच्यामध्येच आली पाहिजे. ती हवा एकदा मोजून झालेली असते. बाहेर सोडली तर ईसीयू नसलेल्या हवेसाठी पेट्रोल टाकतो आणि गिअर बदलताना गाडी गुदमरते. मॅफच्या अलीकडे जोडली तर तीच हवा दोनदा मोजली जाते. काही टर्बोंमध्ये हा व्हॉल्व्ह घरातच असतो, तिथे ही नळीच नसते.

पाइपवर उरलेल्या प्रत्येक बारीक तोंडाला कॅप आणि क्लॅम्प दोन्ही लावा. नुसती रबरी कॅप गरमीने तडकते.

कपलर आणि क्लॅम्प

टर्बोच्या अलीकडे दाब नसतो, ओढ असते. पातळ सिलिकॉनचं वळण असेल तर जास्त आरपीएमला ते आत चेपतं आणि उभ्या गाडीत तुम्हाला काहीच दिसत नाही. किमान चार थरांचं किंवा आत तार असलेलं घ्या. कपलर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा. तेल-ग्रीस लावलं तर तो नंतर निसटतो. गळती बंद करायला सिलिकॉन सीलंट तर नकोच, त्याच्या वाफा ऑक्सिजन सेन्सर खराब करतात.

क्लॅम्प पाइपच्या उंचवट्याच्या मागे आला पाहिजे, उंचवट्यावर नाही. सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवून पाइप फिरवून बसवा आणि मग टर्बोकडून फिल्टरकडे एकेक करत आवळा. सिलिकॉन पट्टीच्या खाचांतून फुगून वर येऊ लागला म्हणजे जास्त झालं. पाइप आणि बोनेट, बॅटरी, फॅन यांच्यात दोन सेंटिमीटर मोकळे ठेवा. रेस दिल्यावर इंजिन माउंटवर झुकतं, तेव्हा एक सेंटिमीटरही पुरत नाही.

नावाचं कोल्ड

फिल्टर टर्बोशेजारी उघडा बसवला तर तो बोनेटखालची गरम हवा ओढतो. २५ अंशांऐवजी ५५ अंशांची हवा आत गेली तर तिची घनता ९ टक्क्यांनी घटते. टर्बो दाब दुप्पट करत असेल, तर हा ३० अंशांचा फरक बाहेर पडताना साधारण ४० होतो आणि तो सगळा इंटरकूलरच्या बोकांडी बसतो. त्यामुळे हीट शील्ड ही शोभेची वस्तू नाही. तिची वरची रबरी कड बोनेटला टेकते का ते बघा. कडेवर थोडी खडूची पूड लावून बोनेट बंद करून उघडा, जिथे खूण उमटली नाही तिथे फट आहे. मूळ एअर बॉक्सला बाहेरून हवा देणारी डक्ट असेल तर तीच शील्डमध्ये आणा.

फिल्टर बंपरच्या आत खाली नेला तर हवा थंड मिळते, पण साचलेल्या पाण्यात गाडी गेली की तो पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. पावसाळ्यात गाडी वापरणाऱ्याने फिल्टर वरच ठेवलेला बरा.

तेलाचा कॉटन फिल्टर असेल तर धुतल्यावर तो आपोआप पूर्ण वाळू द्या. कॉम्प्रेस्ड हवेने कापड फाटतं. तेल घडीच्या टोकावर एकेकच ओळ, मग २० मिनिटं थांबून रंग सारखा पसरला का ते पाहा. ओघळ दिसला तर ते तेल मॅफच्या तारेवर जाऊन बसणार. मॅफ साफ करायला फक्त मॅफ क्लीनरच वापरा आणि तारेला बोट किंवा कापसाची काडी लावू नका.

बसवून झालं, आता बिघाड कुठे?

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं असेल तर बऱ्याच गाड्यांत जुने ट्रिम पुसले जातात. त्यामुळे पहिल्या काही किलोमीटरच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्कॅनरवर शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (साठवलेली) ट्रिमची बेरीज दोनदा बघा: एकदा आयडलला, एकदा एकसारख्या वेगात. बेरीज ±५ च्या आत असेल तर उत्तम, ±१० च्या पलीकडे गेली तर शोधाशोध करा.

आयडलला बेरीज खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर खाली येत असेल, तर हवा मॅनिफोल्डच्या बाजूने शिरते आहे. ब्रीदर किंवा पीसीव्हीची (क्रँककेसचे वायू मॅनिफोल्डकडे नेणारी) नळी आधी बघा. दोन्ही वेळा सारखीच वर असेल तर दोन शक्यता आहेत: मॅफचा व्यास जुळत नाही, किंवा मॅफ आणि टर्बो यांच्यामध्ये गळती आहे. ही दुसरी गळती फसवी असते. पाइपमधली ओढ हवेच्या प्रवाहाबरोबर वाढते, त्यामुळे चोरून येणाऱ्या हवेचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं आणि आकडे थेट व्यासाच्या चुकीसारखे दिसतात. फरक स्मोक टेस्टमध्ये कळतो. मॅफपाशी बूच बसवून ०.०५ बारच्या आसपास दाबाने धूर सोडा. त्याहून जास्त दाब दिला तर तो ब्रीदरमधून क्रँककेसमध्ये जातो. धूर कुठेच दिसला नाही तर दोष व्यासाचा. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत टर्बोजवळ वापरू नका, तापलेल्या टर्बाइन घरावर तो पेट घेतो.

ट्रिम आयडलला ठीक, पण जोर दिल्यावर काळा धूर, सुस्त पिकअप आणि पी ०२९९ (बूस्ट कमी) हा कोड असेल, तर मोजलेली हवा टर्बोनंतर निसटते आहे. काम करताना इंटरकूलरच्या पाइपला धक्का लागला असेल, तिथला क्लॅम्प तपासा.

आवाजाने गोंधळू नका. पाय उचलल्यावरचा फुस्स आणि वेग घेताना टर्बोची शीळ आधीही होती, मूळ एअर बॉक्स ती दाबून टाकायचा. आयडलला येणारी बारीक सलग शिट्टी मात्र गळतीची.

इंजिन दोन-तीनदा तापून थंड झालं की क्लॅम्प पुन्हा आवळा, सिलिकॉन बसल्यावर ते सैल होतात. फायदा झाला का हे बघायचं असेल तर मोकळ्या, सुरक्षित जागी सारख्याच तापमानाला, त्याच गिअरमध्ये आधीचा आणि नंतरचा लॉग (स्कॅनरवरच्या आकड्यांची नोंद) घ्या. बऱ्याच मूळ ट्यूनवर बूस्ट ईसीयूच ठरवतो, त्यामुळे तो वाढलेला दिसेलच असं नाही. तोच बूस्ट वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) कमी ड्युटीत, म्हणजे सोलेनॉइडला कमी टक्के सिग्नल देऊन, मिळत असेल, तर टर्बोला हवा ओढायला कमी कष्ट पडताहेत.