ऑटोकॅडमध्ये ब्लॉक एकदाच बनवा, परत परत वापरा

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करताना दार, खिडकी, बेसिन, नट-बोल्ट हे दर ड्रॉइंगमध्ये नव्याने काढत बसू नका, खरंच खूप वेळ जातो त्यात. एकदा नीट काढा आणि ब्लॉक करून ठेवा, म्हणजे सगळ्या रेषा मिळून एका नावाची एकच वस्तू होते.

आधी सगळ्या रेषा लेयर ० वर घ्या (लेयर म्हणजे ड्रॉइंगचे वेगवेगळे थर) आणि कलर बायलेयर ठेवा, म्हणजे लेयरचा जो रंग तोच. हे बरेच जण सोडून देतात पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, कारण लेयर ० वरचा ब्लॉक तुम्ही ज्या लेयरवर टाकाल त्याचाच रंग घेतो, नाहीतर प्रत्येक ड्रॉइंगमध्ये नको ते लेयर येऊन बसतात. मग बी टाइप करून एंटर, नाव द्या, ऑब्जेक्ट सिलेक्ट करा आणि बेस पॉइंट विचार करून निवडा, म्हणजे दाराचा बिजागरीचा कोपरा, बोल्टचा सेंटर, कारण ब्लॉक टाकताना कर्सरला तोच पॉइंट चिकटलेला असतो.

पण असा ब्लॉक फक्त त्याच फाइलमध्ये राहतो हां. दुसरीकडे वापरायचा तर डब्ल्यू टाइप करा म्हणजे डब्ल्यूब्लॉक, त्याने वेगळी डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल बनते, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथेच युनिट मिलिमीटर की इंच ते बघून घ्या, नाहीतर दार भिंतीपेक्षा मोठं येतं. नवीन ड्रॉइंगमध्ये आय दाबून इन्सर्ट करा, किंवा कंट्रोल आणि २ दाबून डिझाइन सेंटर नावाच्या पॅनेलमधून जुन्या फाइलमधले ब्लॉक सरळ ओढून आणा.

बदल करायचा असेल तर एक्सप्लोड नका करू, म्हणजे ब्लॉक फोडून सुट्या रेषा नका करू, ब्लॉकवर डबल क्लिक करून एडिटरमध्ये बदला, त्या ड्रॉइंगमधले त्या नावाचे सगळे ब्लॉक एकदम बदलतात.