पुणे ते महाबळेश्वर पायी: निघण्याआधी

मंडळी, डिसेंबरात पाच दिवसांत साधारण १२० किलोमीटर चालायचं आहे, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारावरच्या संशोधनाला निधी जमवत. बुटांबद्दल सगळे विचारताहेत, पावतीबद्दल एकही जण नाही. म्हणून आधी पैसे.

निधी आपल्यापैकी कुणाच्याही गुगल पेवर घ्यायचा नाही, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ दे. संस्थेची ८०जी नोंदणी (देणाऱ्याला करसवलत मिळते ती) बघा, आणि पैसा संशोधनाला लागणार की उपचारांना, हे लेखी घ्या. दोन्ही कामं मोलाचीच, पण देणाऱ्याला जे सांगितलं तेच झालं पाहिजे. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हे आधीच सांगून टाका. अमेरिकेतल्या मावसभावाला पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर त्याच्या बचतीतली देणगी चालते. तिथला नागरिक झाला असेल तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी हवी. मी एकदा न विचारताच हो म्हणून बसलो होतो, पैसे परत करताना नाकी नऊ आले.

वाटेत चहावाला विचारणारच, ‘कशासाठी चाललाय?’ उत्तर पाठ असू द्या. स्नायू टिकवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शरीरात नीट बनत नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून आजार बहुतांशी मुलग्यांनाच होतो. बारा-तेराव्या वर्षापर्यंत बऱ्याच जणांचं चालणं थांबतं. एवढं पुरे. ‘बिचारी मुलं’ हे शब्द मात्र तोंडातून नकोत.

आता पाय. नवे बूट घालून निघालात तर शिरवळला टेम्पोत बसाल. बूट आत्ताच घ्या, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. पुढे अंगठाभर जागा राहू द्या. नखं आठवडाभर आधी सरळ कापा. टाचेला आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन, वर पातळ मोजा, त्यावर जाड. कुठे चुरचुरलं की तिथल्या तिथे थांबून टेप लावा. पुढच्या चहापर्यंत कळ काढलीत तर फोड आलाच समजा. सरावात लागोपाठ दोन दिवस वीस-वीस किलोमीटर चाला. पहिल्या दिवशी कुणीही चालतं, खरं काय ते दुसऱ्या सकाळी जिना उतरताना कळतं.

ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यातच, अर्ध्या बाटलीत नाही. चमकणारं जाकीट, टॉर्च, टोपी. पहाटे पाचला निघून अकराच्या आत मुक्काम. पसरणी घाटात एकामागे एक, वळणावर सेल्फी बंद. पोलीस ठाण्यांना पत्रं मी देतो.

शेवटच्या दिवशी काही मुलं व्हीलचेअरवर येणार आहेत. फुटभर चढायला बारा फुटांचा उतार लागतो, म्हणून पायऱ्यांचे दोन हॉल मी नाकारले. आता मिळालाय त्याला एकच पायरी आहे, सहा इंचांची. सहा फूट लांब आणि चांगली रुंद फळी कोण आणतंय?