साथीच्या धोरणांची तालुकापातळीवरची माहिती : खान्देशातल्या नवख्यांसाठी

करोनाकाळातले निर्बंध कितपत उपयोगी पडले, या प्रश्नावर काम करायला आता अनेक विद्यार्थी पुढे येत आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून कोणी विचारलं, की मी आधी एवढंच सांगते : रुग्णांचे आकडे नंतर बघा, आदेश आधी गोळा करा. आकडे कुठे ना कुठे सापडतात. कोणता निर्बंध कुठल्या गावाला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत लागू होता, हे मात्र नीट मांडलेलं सहसा मिळत नाही, आणि त्याशिवाय धोरणाचं मूल्यमापन होऊच शकत नाही.

ऑक्सफर्ड विद्यापीठाने 2020 मध्ये सुरू केलेल्या, देशोदेशीच्या करोना-निर्बंधांच्या नोंदणीची पद्धत शिकून घ्या. तिथे प्रत्येक निर्बंधाला तीव्रतेचा अंक देत असत. शाळांचं उदाहरण घ्या. काहीच निर्बंध नसला तर 0, बंद ठेवण्याची नुसती शिफारस असली तर 1, काही इयत्ता बंद असल्या तर 2, सगळ्या बंद असल्या तर 3. निर्बंध सगळीकडे आहे की ठरावीक भागापुरता, याची वेगळी खूण असे. ही खूण खान्देशासाठी फार मोलाची आहे. मार्च 2021 मध्ये जळगाव शहरात जनता कर्फ्यू लागला, पण तो शहरापुरता होता. तक्त्यात राज्याची एकच ओळ भरली, तर तो एक तर दिसत नाही किंवा अख्ख्या महाराष्ट्राचा वाटतो. जिल्ह्याची ओळ भरली तरी चाळीसगाव आणि रावेर त्यात उगाच ओढले जातात. म्हणून नोंद तालुक्याची किंवा शहराची ठेवा.

आदेशाच्या कागदावर तीन गोष्टी शोधायच्या : सहीची तारीख, अंमलाची तारीख आणि मुदत. जून 2021 ची पाच स्तरांची रचना बघा. आदेश 4 जूनचा, अंमल 7 जूनपासून. चाचण्यांमधलं बाधितांचं प्रमाण 5 टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या 25 टक्क्यांहून कमी खाटा भरलेल्या, तर पहिला स्तर. पुढे दर आठवड्याच्या आकड्यांवर जिल्ह्याचा स्तर बदलू शकत होता. म्हणजे इथे आकड्यांवरून निर्बंध ठरत होते. त्या काळात निर्बंध आणि रुग्णसंख्या शेजारी ठेवून लगेच ‘यामुळे ते घडलं’ असं लिहू नका.

आदेशात लिहिलेलं आणि गावात घडलेलं वेगवेगळ्या रकान्यांत भरा. शेतीची कामं आणि शेतमालाची वाहतूक यांना सवलत होती, त्यामुळे टाळेबंदीतही रावेर-यावलच्या केळीची कापणी कागदोपत्री बंद नव्हती. प्रत्यक्षात ट्रक मिळाले का, मजूर आले का, हे माणसांनाच विचारावं लागतं. विचारताना तारखा मागू नका, सण विचारा. “आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी की नंतर?” म्हटलं की आजीबाईसुद्धा नेमकं सांगतात. 2020 ची आखाजी 26 एप्रिलला होती, 2021 ची 14 मेला. सातपुड्यात होळीचा आधार घ्या. 2020 ची होळी 9 मार्चला होती, म्हणजे पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले त्याच दिवशी. अक्कलकुवा-धडगावकडे जाताना पावरी किंवा भिली बोलणारा सोबती हवाच. आशाताईंना आधी भेटा, पण त्यांच्या कामाच्या वेळेत नको. उसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांचं घर बंद दिसलं, तर ‘माहिती नाही’ आणि ‘स्थलांतरित’ या दोन वेगळ्या नोंदी ठेवा.

मृत्यूंबाबत सगळ्यात जास्त सावध राहा. 2020 च्या मे-जूनमध्ये जळगावचा मृत्युदर देशभर चर्चेत होता. बाधितांमागे मृत्यू मोजताना ज्याने भागायचं तो बाधितांचा आकडा चाचण्यांवर अवलंबून असतो. चाचण्या कमी झाल्या, सौम्य आजारी मोजलेच गेले नाहीत, की दर फुगतो. उपचारातल्या उणिवांनीही तो वाढतो. दोन्ही कारणं वेगळी करायची, तर चाचण्यांची संख्या आणि रुग्ण दाखल झाल्यापासून मृत्यूपर्यंतचे दिवस लागतात. संसर्ग खरोखर किती पसरला होता, याचा एक स्वतंत्र आधार म्हणजे आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) रक्तद्रव सर्वेक्षण, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांवरून आधी संसर्ग होऊन गेला का हे तपासणं. त्यात देशातले 70 जिल्हे होते आणि महाराष्ट्रातल्या सहांमध्ये जळगाव होतं. पण पहिल्या फेरीत जिल्ह्यामागे साधारण 400 प्रौढांचे नमुने होते. त्यावरून पारोळा किंवा जामनेर अशा एकेका तालुक्याचं काही सांगता येत नाही. शिवाय जून 2021 मध्ये राज्याने नोंदवायचे राहिलेले जुने मृत्यू आकडेवारीत मिळवले, त्यामुळे त्या आठवड्यांत आलेख एकदम उसळतो. मृत्यूचा दिवस आणि नोंदीचा दिवस असे दोन रकाने केले नाहीत, तर ही उसळी निर्बंध शिथिल केल्यामुळे आली असं वाटेल.

प्रत्येक ओळीपुढे आदेशाचा क्रमांक लिहा आणि कागदाची प्रत जपून ठेवा. संकेतस्थळांवरचे जुने आदेश नंतर सापडत नाहीत. तालुका कार्यालयातून यादी मिळाली, तर नावं आणि फोन नंबर तिथेच गाळून घ्या. तेवढंही पुरत नाही. वीस घरांच्या पाड्यावर वय आणि मृत्यूची तारीख एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, म्हणून अशा ठिकाणी वयाचा गट लिहा आणि पाड्याऐवजी तालुका.