रेघांच्या वहीत न दिसणारा वाचक: संदर्भसेवा तपासताना या चुका टाळा

ग्रंथालयात वाचकांना हवी ती माहिती शोधून देणाऱ्या संदर्भ विभागाच्या टेबलावर एक वही असते. कोणी काही विचारलं की तिच्यात उभी रेघ मारायची, चार झाल्या की पाचवी आडवी. मार्चअखेर रेघा मोजायच्या, आकडा वार्षिक अहवालात टाकायचा आणि महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार असेल तर त्याचा रंगीत आलेख काढायचा. बडोद्यातल्या एका ग्रंथालयात ही वही मी बरीच वर्षं सांभाळली. त्यातल्या कितीतरी रेघा "वायफायचा पासवर्ड काय" आणि "झेरॉक्सवाला कधी येतो" यांच्या होत्या, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. अहवालात मात्र त्या सगळ्या 'संदर्भप्रश्न' होऊन जायच्या.

सगळ्या रेघा एकाच उंचीच्या

"गुजराती विभागाची कपाटं कुठे?" आणि "बडोदा संस्थानच्या शेतसाऱ्याचे आकडे कुठे मिळतील?" या दोन्हींना एकेकच रेघ मिळत असेल, तर ती मोजणी कशाच्याच उपयोगाची नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत 'रीड' नावाची सहा पायऱ्यांची पट्टी वापरतात. बोटाने दिशा दाखवून भागलं तर पहिली पायरी. तासन्‌तास किंवा काही दिवस शोध घ्यावा लागला तर सहावी. आपल्याकडे सहा पायऱ्यांवरून वाद होतात, म्हणून मी तीनच ठेवते: दिशा दाखवली, एका साधनात मिळालं, अनेक साधनं धुंडाळावी लागली.

हे वर्षभर करू नका. दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो आणि संध्याकाळी अंदाजाने रेघा मारल्या जातात (मीही मारल्या आहेत). सत्राच्या मध्यावरचा एक आठवडा आणि प्रबंध सादर करायच्या तारखेआधीचा एक, एवढे नीट नोंदवले तरी पुरे. नवरात्रीचा आठवडा मात्र निवडू नका. रात्रभर गरबा खेळून आलेलं बडोदं सकाळी वाचनकक्षात दिसत नाही, आणि त्या आकड्यांवरून डेस्कवरचा माणूस कमी करण्याचा शहाणपणा कोणालाही सुचू शकतो.

पहिला प्रश्न खरा मानणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे. एक मुलगी आली. "मॅडम, सयाजीरावांवर काही आहे का?" मी चार चरित्रं काढून दिली, ती 'थँक्यू' म्हणाली, मी रेघ मारली. दोन दिवसांनी तीच चार पुस्तकं परत घेऊन आली, एकही न वाचता. बोलता बोलता कळलं की तिचा विषय सक्तीचं प्राथमिक शिक्षण हा होता. १८९३ मध्ये अमरेली भागात तो प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात लागू झाला. त्यानंतर खेड्यांतल्या मुलींची शाळेतली संख्या कशी बदलली, हे तिला हवं होतं. त्याला चरित्रं काय कामाची? तिला संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल हवे होते, आणि ते माझ्या पाठीमागच्याच कपाटात होते.

वहीच्या हिशेबाने माझी सेवा त्या दिवशी यशस्वी होती. म्हणूनच वहीवर विसंबू नये.

विद्यार्थी मोघम का विचारतात? नेमकं विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, ही भीती असते. "हे कशाला हवंय?" असं विचारलंत तर तो पोलिसी प्रश्न वाटतो आणि पोरगं आणखी मिटतं. मी "आतापर्यंत कुठे कुठे शोधलंस?" असं विचारते. त्या उत्तरात विषय, घाई, गाइडने काय सांगितलं आणि ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, कोणता शब्द टाकला, सगळंच बाहेर येतं. निघताना "हेच हवं होतं ना?" एवढं विचारायचं आणि उत्तर ऐकेपर्यंत दुसऱ्या माणसाकडे वळायचं नाही.

"ओपॅकमध्ये काहीच नाही" ही तक्रार आली की आधी शब्दलेखन तपासा. रोमन लिपीत 'गायकवाड' हे एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं; जुन्या इंग्रजी ग्रंथांत तर शेवटी 'आर' असतो. 'बडोदा' टाकलं तर एक यादी, 'वडोदरा' टाकलं तर दुसरी. मुलगा मनात मराठीत किंवा गुजरातीत विचार करतो, शोध रोमनमध्ये घेतो, आणि शून्य आलं की पुस्तकच नाही असं समजतो. अशा शून्य निकालांची महिन्याची यादी सॉफ्टवेअरमधून निघत असेल तर ती काढाच. प्रश्नावलीत जे कोणी लिहीत नाही ते तिच्यात असतं.

'छान', 'उत्तम', 'खूप छान'

ज्याने सेवा दिली त्यानेच फॉर्म हातात ठेवला आणि समोर उभा राहिला, तर कोण वाईट लिहील? आपल्याकडे भिडस्तपणा हा गुणच मानतात. तो फॉर्म तिसऱ्या माणसाने द्यावा, नाव विचारू नये. "आपण सेवेबद्दल समाधानी आहात का?" हा प्रश्नही काढून टाका. त्याऐवजी: मागच्या वेळी काय शोधायला आला होतात? मिळालं का? नाही तर कुठे अडलं? मग काय केलंत? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा "मित्राला विचारलं" असं येतं. तो मित्र आपला खरा प्रतिस्पर्धी आहे, त्याचाही अभ्यास करावा.

भाषेचंही पाहा. इथे १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक निघालं, त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग होते. शंभरावर वर्षं उलटल्यावर त्याच शहरात फीडबॅक फॉर्म नुसत्या इंग्रजीत काढायचा, हे मला जरा लाजिरवाणं वाटतं.

आणि जे येतच नाहीत त्यांना विचारलंय का? त्यांच्यासाठी कॅन्टीनमध्ये किंवा होस्टेलवर जायला हवं. वाचनकक्षातल्या खुर्च्यांवर फॉर्म वाटून ते कधीच सापडणार नाहीत.

हजेरीला शिकवणं समजणं

जुलैत नव्या मुलांना सभागृहात बसवून तासभर स्लाइड दाखवायच्या, सह्या घ्यायच्या, "ओरिएंटेशन झालं" असं लिहायचं. त्या दिवशी त्यांना ना प्रोजेक्ट असतो ना सिनॉप्सिस. ज्याला तहानच नाही त्याच्यापुढे माठ उघडून काय उपयोग? हाच तास प्राध्यापकांशी बोलून असाइनमेंट दिल्यानंतरच्या आठवड्यात घ्या, वीस-पंचवीस जणांचा, आणि प्रत्येकाला स्वतःच्याच विषयावर शोधायला लावा.

मोजायचं कसं? "डेटाबेस म्हणजे काय हे समजलं का?" असं विचारलं की सगळे माना डोलावतात. त्यापेक्षा वर्गाआधी आणि नंतर एकच काम द्या: तुझ्या विषयावरचे दोन लेख काढ आणि कोणते शब्द टाकलेस ते लिही. त्या शब्दांतला फरक हाच निकाल. दोन महिन्यांनी प्राध्यापकांकडून दहा असाइनमेंट मागून त्यांच्या संदर्भसूच्या पाहिल्यात तर आणखी कळेल. वेळ खातं हे काम, पण सह्यांच्या कागदापेक्षा खरं बोलतं.

सध्या या सूच्यांत नवी डोकेदुखी दिसते. चॅटबॉटने दिलेले संदर्भ असतात, लेखक खरा, नियतकालिक खरं, पण लेखच अस्तित्वात नाही. "मॅडम, हा लेख मिळत नाहीये" म्हणून मुलं येतात आणि आपण तासभर हवेत तीर मारतो. आधी डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) तपासा, मग त्या खंडाची अनुक्रमणिका उघडून तो पृष्ठक्रमांक पाहा. दहा मिनिटांत छडा लागतो. ही तपासणी मुलासमोर करा. शिकवण्याची याहून चांगली वेळ सापडणार नाही.

ई-जर्नल 'चालत नाही'

इथे फार बोलण्यासारखं नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. तरीही लेखासाठी पैसे मागणारं पान उघडतं म्हणून मुलं येतात. पहिलं बघा, फोन विद्यापीठाच्या वायफायवर आहे की स्वतःच्या डेटावर. दुसरं, घरून लॉगिन करायची सोय आपल्या संस्थेने चालू केली आहे का. तिसरं, तो लेख योजनेतल्या वर्षांत बसतो का. ही तक्रार वहीत वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर संगणक विभाग "आमच्याकडे कोणी आलंच नाही" म्हणतो.

तपासणी म्हणजे झडती

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेत हर्नन आणि मॅक्क्लूर या ग्रंथालयशास्त्राच्या संशोधकांनी गुपचूप परीक्षक पाठवून ग्रंथालयांना प्रश्न विचारले. सुमारे ५५ टक्के उत्तरंच बरोबर निघाली, आणि तो आकडा आमच्या व्यवसायात म्हणीसारखा झाला. पण ते प्रश्न माहितीचे होते, एका उत्तराचे. त्या पद्धतीने कोणा एकाला पकडायला गेलात तर पुढे डेस्कवर जो तो "उद्या या, सर असतील" एवढंच म्हणेल. आम्ही आपसांतच करायचो: महिन्यातून एकदा, चहाच्या वेळी, त्या महिन्यात फसलेला एकेक प्रश्न प्रत्येकाने मांडायचा. मी सुरुवात त्या चार चरित्रांपासून केली.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते. सुधारणा झाली की आकडा घसरतो. आम्ही जिन्यापाशी तीन भाषांत मोठ्या पाट्या लावल्या, पासवर्ड दारावरच चिकटवला, आणि वर्षअखेरीस एकूण रेघा कमी भरल्या. बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "संदर्भसेवा का घटली?" तीन पायऱ्यांची नोंद हाताशी होती म्हणून दाखवता आलं की घटल्या त्या दिशा दाखवण्याच्या रेघा, आणि तिसऱ्या पायरीच्या वाढल्या होत्या. तेव्हापासून अहवालात एकूण बेरीज मी देतच नाही. तीन रकाने देते, बेरीज ज्याला हवी त्याने करावी.